आरोग्याची ओसरी : अर्धशिशी, गांजा आणि मात्रा



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या थोरल्या बहिणीचा, आमच्या अक्काचा, दिमोनाहून फोन आला. उपास कसा गेला हे विचारण्याच्याही आधी ती म्हणाली, "अरे, आपल्या घरात गांजा शिरला. तू औषधालयात पस्तीस वर्षे काढलीस. आता तूच सांग, मी कोणाला तोंड दाखवू?"

घडले होते ते असे. अक्काची धाकटी लेक, माझी भाची, वय वर्षे सेहेचाळीस, बालवाडीत साहाय्यक म्हणून काम करते. विसाव्या वर्षापासून तिला अर्धशिशीचा त्रास. अलीकडे तो इतका वाढला होता की महिन्यातले पंधरा-सोळा दिवस डोके धरूनच जात. बालवाडीतल्या मुलांचा किलबिलाट तिला हातोड्याच्या घावासारखा लागे. रजा संपल्या, बिनपगारी दिवस सुरू झाले आणि नोकरी राहते की जाते अशी पाळी आली. तिची ही अवस्था पाहून कामावरच्या एका मैत्रिणीने कनवाळूपणाने तिला एक लहानशी काळी बाटली दिली. बाटलीवर चिठ्ठी नाही, नाव नाही. "गांजाचे तेल आहे. थोडे थेंब जिभेखाली घे, डोके थांबेल," एवढेच सांगितले.

उपास सुटला त्या रात्री डोके फुटू लागले. भाचीने रिकाम्या पोटी थेंब घेतले. अर्ध्या तासात काही वाटेना, म्हणून पुन्हा तेवढेच घेतले. तासाभराने छाती धडधडू लागली, भिंती फिरू लागल्या, आता आपण मरतो अशी भीती तिला ग्रासून बसली आणि न्हाणीघराच्या दारात ती कोसळली. ती रात्र रुग्णालयात गेली. हृदयाची तपासणी निर्दोष निघाली, मुका मार तेवढा बसला. पण डॉक्टरांनी काय घेतले असे विचारले, तेव्हा आईसमोर तिला खरे सांगावे लागले. अक्काला धक्का बसला तो लेकीच्या पडण्याचा जितका, तितकाच त्या शब्दाचा.

अक्काला मी दोष देत नाही. गांजा म्हटला की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर कोकणातला गावाबाहेरचा पिंपळ उभा राहतो. त्याखाली चिलीम ओढीत बसलेले, डोळे तांबारलेले दोघे-चौघे आणि आईची ताकीद, "तिकडून जाऊ नकोस." 'गांजेकस' ही आपल्याकडे शिवीच होती. ज्या माणसाला कोणी मुलगी देत नसे, त्याचे ते नाव. आता तीच वस्तू नातवंडांच्या तोंडून 'औषध' म्हणून ऐकायची, हे जुन्या मनाला कसे रुचावे? दुसरीकडे तरुण मंडळींना वाटते की वनस्पती आहे, निसर्गाची देणगी आहे, तेव्हा अपाय कसला? माझ्या मते दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट नजरेआड होते. ती कोणती, हे सांगण्यासाठीच आजची ओसरी.

अर्धशिशी म्हणजे नुसती डोकेदुखी नव्हे

आपल्या भाषेने या दुखण्याला मोठे नेमके नाव दिले आहे. अर्धे शीर्ष दुखते, म्हणून अर्धशिशी. अर्थात कधीकधी ते दोन्ही बाजूंनाही दुखते. कळ ठोके पडावेत तशी उठते, हालचालीने वाढते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. उपचार न केल्यास एक झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. कित्येकांना झटक्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा सुमारे तिप्पट आढळतो. अनेक घरांत तो आईकडून लेकीकडे येतो.

आमच्या आजीच्या काळी यावर सुंठ उगाळून कपाळावर लेप देत, फडके करकचून बांधीत आणि सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खायला घालीत. आज औषधे पुष्कळ आहेत. झटका आला असता घ्यायच्या ट्रिप्टान वर्गाच्या गोळ्या १९९०च्या दशकात आल्या. झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट यांसारखी औषधे आहेत. २०१८पासून सीजीआरपी नावाच्या द्रव्याला अटकाव करणारी इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. परंतु सर्वांना सर्व लागू पडत नाही. कोणाला गुंगी येते, कोणाचे वजन वाढते, कोणाला हृदयविकारामुळे ट्रिप्टान चालत नाही. अशा थकलेल्या रोग्याच्या कानावर गांजाचे नाव पडले, तर त्याचे कान टवकारतात. त्यात नवल काहीच नाही.

हे औषध नवे नाही

अक्काला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की गांजाला औषध म्हणणारी आजची पोरे पहिली नव्हेत. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचे आयरिश डॉक्टर होते. आपल्या देशातील वैद्य-हकीम गांजा कसा वापरतात याचा त्यांनी अभ्यास केला, प्रयोग केले आणि १८३९ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. तेथून हे औषध विलायतेस गेले. राणी व्हिक्टोरियाचे एक वैद्य रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० साली तीस वर्षांच्या अनुभवाचे सार लिहिताना अर्धशिशीच्या कामी त्याची प्रशंसा केली. विल्यम ऑस्लर यांचा वैद्यकावरील विख्यात ग्रंथ १८९२ साली निघाला. त्यांनी तर अर्धशिशीवरील उपायांत हाच बहुधा सर्वांत समाधानकारक असा अभिप्राय दिला.

मग हे औषध मागे का पडले? कायदे कडक झाले हे एक कारण. ब्रिटनच्या अधिकृत औषधसूचीतून ते १९३२ साली गेले, अमेरिकेच्या सूचीतून त्यानंतर दहा वर्षांनी. परंतु त्याआधीच डॉक्टरांचा विश्वास उडू लागला होता. गांजाचा अर्क एका बाटलीत पाण्यासारखा निरुपयोगी, तर दुसऱ्या बाटलीत इतका कडक की रोगी बडबडू लागे. पीक कुठले, किती जुने, कसे वाळवले, यावर सारे अवलंबून. मॉर्फिन तोलून देता येत होते. ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आले, तेही तोलून देता येत होते. गांजातला नेमका गुणकारी पदार्थ कोणता हेच ठाऊक नव्हते, तर तोलणार काय? सारांश, गांजा औषधातून गेला तो नशा म्हणून जितका, तितकाच मात्रा ठरवता येईना म्हणून.

रेहोवोतच्या बसमधले पाच किलो

हे कोडे सुटले ते आपल्या या देशात. बल्गेरियातील सोफिया शहरी १९३० साली जन्मलेले राफाएल मेशुलाम १९४९ साली येथे स्थलांतरित झाले, तुमच्या-आमच्यासारखेच नवागत. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत तरुण संशोधक होते. अफूतून मॉर्फिन आणि कोका पानांतून कोकेन एकोणिसाव्या शतकातच वेगळे झाले, मग गांजाचेच काय, असा प्रश्न त्यांना पडला. संशोधनाला माल हवा. तेव्हा ओळखीने पोलिसांकडून जप्तीतला पाच किलो लेबनानी चरस मिळवून ते तेल अवीवहून चक्क बसने रेहोवोतला घेऊन आले. बसमधले उतारू हा वास कसला म्हणून विचारू लागले, ही आठवण ते पुढे हसत हसत सांगत. पुढे कळले की परवानगी आरोग्य मंत्रालयाची घ्यायला हवी होती. पोलिसांनी आणि शास्त्रज्ञाने मिळून कायदा मोडला होता!

त्या मालातून १९६३ साली त्यांनी युवाल श्वो यांच्यासह सीबीडी या पदार्थाची रचना उलगडली. १९६४ साली येहिएल गाओनी यांच्यासह टीएचसी शुद्ध रूपात वेगळा करून त्याची रचना प्रसिद्ध केली. टीएचसी हा नशा आणणारा. वेदना आणि मळमळ कमी करणारा मुख्य पदार्थही तोच. सीबीडी नशा आणत नाही. दोघांची नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत, कारण पुढे बाटलीवरची चिठ्ठी वाचताना त्यांचाच उपयोग आहे.

याच मेशुलाम यांच्या जेरुसलेममधील हिब्रू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९९२ साली आणखी एक शोध लागला. गांजातील टीएचसी मेंदूतल्या ज्या कुलपात बसतो, त्या कुलपाची मूळ किल्ली आपले शरीर स्वतःच तयार करते, हे तेथे सिद्ध झाले. त्या द्रव्याला नाव दिले आनंदमाइड. होय, आपल्याच 'आनंद' शब्दावरून. जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या वस्तूला संस्कृत नाव मिळावे, हा योगायोग आपल्या समाजाला विशेष सुखावणारा आहे. अर्धशिशीशी त्याचा संबंध असा, की जीर्ण अर्धशिशीच्या रोग्यांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात आनंदमाइड कमी असल्याचे इटलीतील संशोधकांना २००७ साली आढळले. कमतरतेमुळे अर्धशिशी होते की अर्धशिशीमुळे कमतरता, हे त्यावरून ठरत नाही. तथापि गांजाचा काही उपयोग का व्हावा, याचा एक धागा त्यातून हाती लागतो. मेशुलाम २०२३ च्या मार्चमध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निवर्तले.

पुरावा किती?

आता तोलूनमापून बोलू. हायफाच्या तेखनियोनमधील संशोधकांनी २०२० साली परवान्याने औषधी गांजा घेणाऱ्या १४५ अर्धशिशीग्रस्तांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८९ जणांनी, म्हणजे शंभरात ६१ जणांनी, महिन्यातले झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाल्याचे सांगितले. हे ऐकायला फार गोड वाटते. परंतु ज्यांना उपयोग झाला नाही त्यांतल्या कित्येकांनी उपचार आधीच सोडलेले असणार आणि तुलनेसाठी खोटे औषध घेणारा दुसरा गट नव्हता, हे विसरता कामा नये.

तशी तुलना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत झाली. तिचे निष्कर्ष २०२४ साली जाहीर झाले. ९२ रोग्यांना झटक्याच्या वेळी चार निरनिराळ्या प्रकारची वाफ ओढायला दिली. त्यांतली एक निव्वळ फसवी होती. टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असलेल्या वाफेने दोन तासांत शंभर झटक्यांपैकी सुमारे ६७ झटक्यांत दुखणे उतरले. फसव्या वाफेनेही सुमारे ४७ झटक्यांत ते उतरले. दुखणे पूर्ण थांबले ते अनुक्रमे सुमारे ३५ आणि १६ झटक्यांत. अर्थात उपयोग आहे, खरा आहे. पण दर तीन झटक्यांमागे एक पूर्ण थांबतो एवढाच. चमत्कार नव्हे.

आणि नाण्याची दुसरी बाजू. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जीर्ण अर्धशिशीच्या ३६८ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. गांजा घेणाऱ्यांमध्ये अतिऔषधाची डोकेदुखी न घेणाऱ्यांपेक्षा बरीच अधिक आढळली. अतिऔषधाची डोकेदुखी म्हणजे काय? साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, की ते औषधच डोकेदुखी वाढवू लागते. गोळी उतरली की डोके दुखते, दुखते म्हणून पुन्हा गोळी. गांजाने हे चक्र सुरू होते की या चक्रात सापडलेलेच गांजाकडे वळतात, हे त्या नोंदींतून सिद्ध होत नाही. परंतु सावधगिरीला एवढे पुरे.

भाचीचे पुढे काय झाले

मी दिमोनाला गेलो. त्या काळ्या बाटलीबद्दल भाचीला रागावलो नाही. एवढेच विचारले, "बाळ, यात किती होते?" ती म्हणाली, "मामा, मला काय ठाऊक!" "मग हे औषध कसे?" त्यावर ती गप्प बसली.

तिच्या हातून झालेली चूक समजून घेण्याजोगी आहे. ओढलेल्या वाफेचा परिणाम काही मिनिटांत कळतो. पोटात गेलेल्या गांजाचा परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लांबतो आणि मग सहा-आठ तास टिकतो. जिभेखाली घेतलेले तेलही बरेचसे गिळले जाते. शिवाय अर्धशिशीच्या झटक्यात जठराचे काम मंदावते, त्यामुळे गिळलेले कोणतेही औषध उशिरा लागू पडते. 'काही होत नाही' म्हणून दुसऱ्यांदा घेणारा मनुष्य अशा रीतीने दोन मात्रा एकदम अंगावर ओढवून घेतो.

मी तिला कुपाट खोलीमच्या मज्जाविकार तज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी गांजाला होकार दिला नाही की नकार दिला नाही. त्यांनी एक वही मागितली. तीन महिने रोज लिहायचे : डोके दुखले का, किती तास, कोणती गोळी, किती वेळा, झोप किती, जेवण वेळेवर झाले का. भाचीला हे जमेना. तेव्हा कोणी पुढे यावे? अक्का! स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर तिने मराठी आकड्यांत लिहायला सुरुवात केली. दुखले तर फुली, गोळी घेतली तर टिंब. पहिला महिना संपला तेव्हा फुल्या सोळा आणि टिंबे चौतीस! ज्या दिवशी डोके दुखले नव्हते त्या दिवशीही भीतीपोटी गोळी घेतलेली. अक्का ते पान बघत बसली आणि म्हणाली, "गांजाला मी भीत होते. हे रोजचे नाही दिसले मला."

आधी त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवल्या. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. रोजचे प्रतिबंधक औषध सुरू झाले, पहिले सोसले नाही, दुसरे सोसले. वर्षअखेर फुल्या सोळावरून नवावर आल्या. त्या नवांपैकी चार झटके मात्र असे, की दुसरे कोणतेच औषध चालेना. तेव्हा आधीचे उपचार करून पाहिल्याची सारी कागदपत्रे जोडून तज्ज्ञांनी परवान्यासाठी अर्ज केला. येथील नियमाचा गाभा हाच आहे, की वेदनेसाठी गांजा हा पहिला उपाय नसून रूढ उपाय संपल्यानंतरचा आहे. काही महिने वाट पाहिल्यावर परवाना मिळाला.

आज सहा महिने ती औषधालयातून आणलेले तेल रात्री ठरलेले थेंब घेते. अगदी थोड्यापासून सुरुवात करून, हळूहळू वाढवून, आता एका जागी स्थिर. फुल्या सात आहेत. झोप सुधारली. मोठे झटके दोनवर आले. नवाच्या सात झाल्या त्या तेलाने, झोपेने की काळाने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण भाची पुन्हा पूर्ण वेळ बालवाडीत जाते, हे खरे.

चिठ्ठी वाचायला शिका

२०१९पासून येथे औषधी गांजा औषधालयात मिळतो आणि प्रत्येक डबीवर दोन अक्षरे आणि दोन आकडे असतात. उदाहरणार्थ टी १०/सी १०, टी २०/सी ४, किंवा टी १/सी २०. टी म्हणजे टीएचसी, सी म्हणजे सीबीडी, आकडा म्हणजे शेकडा प्रमाण. टी १० असलेल्या एक ग्रॅम वाळलेल्या फुलांत सुमारे शंभर मिलिग्रॅम टीएचसी असतो, टी २० मध्ये त्याच्या दुप्पट. म्हणून शेजारणीचे 'दोन झुरके' आणि तुमचे 'दोन झुरके' एक नव्हेत. तेलाच्या बाबतीत एका थेंबात किती मिलिग्रॅम, हे औषधालयातच विचारून वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्याच्या परवान्याचे औषध घेणे वा देणे हा गुन्हा आहे आणि धोका त्याहून मोठा.

पुढील व्यक्तींनी विशेष जपावे. ज्यांना स्वतःला किंवा घराण्यात भ्रमिष्टपणाचा विकार आहे, ज्यांना हृदयविकार आहे, ज्या गर्भवती आहेत वा अंगावर पाजतात, आणि कोवळ्या वयाची मुले, यांना टीएचसी अपायकारक ठरू शकतो. वृद्धांना उभे राहताना रक्तदाब उतरून चक्कर येते आणि पडून खुब्याचे हाड मोडते. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी दुणावते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल, तर सीबीडीमुळे त्याचा परिणाम वाढू शकतो. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एक थेंबही घेऊ नये. औषध घेतले असता वाहन चालवू नये. दीर्घकाळ भरपूर गांजा घेणाऱ्यांना पुन्हा पुन्हा उलट्यांचा विकार जडतो आणि सवयही लागते.

मुंबई-अलिबागला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की येथील परवाना तेथे चालत नाही. भारतात १९८५च्या कायद्याने गांजा आणि चरस निषिद्ध आहेत. सामानात ती बाटली सापडली, तर मामाच्या गावी जाण्याऐवजी कोठडीत जावे लागेल.

कित्येकांनी शब्बाथविषयी विचारले आहे. धूर किंवा वाफ ओढायला विस्तव वा वीज लागते, तेलाच्या थेंबाला ती लागत नाही. तज्ज्ञांना हे आधीच सांगितले तर ते तशी योजना करू शकतात. शंका उरल्यास आपल्या रब्बींना विचारावे. योम किप्पूरच्या उपासाने अर्धशिशी उसळते हे अनेकींना माहीत आहे. त्याचे एक कारण चहा-कॉफी एकदम तुटणे हेही असते. तेव्हा सणाच्या आधी आठवडाभर कप हळूहळू कमी करावेत आणि उपास करावा की नाही हे डॉक्टर व रब्बी दोघांना विचारून ठरवावे.

आणि शेवटी, प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नव्हे. क्षणार्धात विजेसारखी कडाडणारी डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, तापासह मान ताठ करणारी, हातपाय लुळे पाडणारी वा बोबडी वळवणारी, किंवा डोक्याला मार लागल्यानंतरची, यांपैकी काही असेल तर तेल नको, गोळी नको, लेपही नको, तडक रुग्णालय.

शनवार तेल्यांचे माप

आरंभी म्हटले होते, की गांजाला शिवी देणारे आणि त्याला देणगी म्हणणारे, दोघेही एकच गोष्ट विसरतात. ती म्हणजे मात्रा. पिंपळाखालची चिलीम आणि औषधालयातली बाटली यांत वनस्पती एकच आहे. फरक इतकाच, की एकीत किती आहे हे कोणास ठाऊक नाही आणि दुसरीत ते मोजून लिहिलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्रा कळेना म्हणून हे औषध गेले, रेहोवोतला ती कळली म्हणून परत आले. जो चिठ्ठीविना बाटली उचलतो, तो पुन्हा शंभर वर्षे मागे जातो. अति तेथे माती, हे आपण उगीच म्हणत नाही.

कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद आणि इतर दिवशी तेल मापाने. गेल्या महिन्यात दिमोनाला गेलो होतो. रात्री अक्का चष्मा लावून, दिव्याखाली बाटली धरून, लेकीसाठी चमच्यात थेंब मोजीत होती. मला पाहून जराशी ओशाळली आणि म्हणाली, "बघतोस काय? आपण तेलीच ना रे. माप चुकायचे नाही."

असो. डोकेदुखीची वही ठेवण्याचा प्रयोग ज्या भगिनी करतील, त्यांनी आपला अनुभव अवश्य कळवावा. सर्वांना आरोग्य लाभो.